रोड बाइकला टायर किती रुंद? गोव्याच्या रस्त्यांचा हिशेब

काही वर्षांपूर्वी एका सकाळी नार्वेच्या फेरीधक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर मी मागचं चाक काढून बसलो होतो. दिवसाचं दुसरं पंक्चर. पहिलं काचेच्या तुकड्याने झालेलं. ते काढून छोट्या हातपंपाने हवा भरली, पण दंड भरून आले तरी ६० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) पुढे काटा सरकेना. टायर २३ मिमीचा. त्याला एवढी हवा पुरत नाही. पुढे नळासाठी खणून कसाबसा बुजवलेला चर आला, टायर रिमपर्यंत दबला आणि ट्यूबवर साप डसल्यासारखी शेजारीशेजारी दोन भोकं पडली.

तेवढ्यात भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, आला. मागे उंड्या-पावांची टोपली, साधी काळी सायकल. "पंक्चर जालें?" एवढं विचारून, माझ्या सुतळीसारख्या टायरकडे एक नजर टाकून, तो त्याच चरावरून आरामात निघून गेला. त्याचा टायर जवळजवळ ४० मिमीचा असतो.

रुंद टायर हवा, हे तिथेच पटलं. किती रुंद, हे कळायला मात्र आणखी एक टायर आणि फ्रेमचा थोडा रंग गमवावा लागला. तो अनुभव पुढे येईलच. घरी व्हर्नियर (रुंदी मोजायचा चिमटा), एलन कीचा (षटकोनी चाव्यांचा) संच आणि वजनकाटा असेल, तर तुमचा निर्णय तासाभरात होईल.

आधी कडेवरचे आकडे वाचा

टायरच्या कडेला माप दोन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. एक ७००×२८सी, दुसरं २८-६२२. भरवसा दुसऱ्यावर ठेवा. २८ ही मिलिमीटरमधली रुंदी आणि ६२२ हा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. रोड बाइक, बहुतेक हायब्रिड आणि '२९ इंची' म्हणून विकली जाणारी माउंटन बाइक, तिघींचा व्यास ६२२च असतो.

गावातल्या दुकानात "अठ्ठावीसचा टायर द्या" म्हटलं, की दुकानदार निरागसपणे पोदेराच्या सायकलचा २८×१½ काढून देतो. त्याचा व्यास ६३५. तुमच्या रिमपेक्षा तेरा मिलिमीटर मोठा. तो टायर बसणार नाही आणि त्याची ट्यूबही आत घड्या पडून कोंबावी लागेल. "सातशे बाय अठ्ठावीस" असं मागा आणि पैसे देण्याआधी ६२२ दिसतोय का ते पाहा.

बारीक टायर वेगवान, हा समज कुठून आला

शर्यतींमध्ये कित्येक वर्षं २३ मिमी हाच नेहमीचा टायर होता. गेल्या दशकात व्यावसायिक संघ २५वर आले, मग २८वर, आणि आता ३०ही नवल राहिलेलं नाही. यामागे फॅशन आहेच, पण भौतिकशास्त्र जास्त आहे.

रस्त्याला टेकलेल्या ठशाचं क्षेत्रफळ मुख्यतः वजन आणि हवेचा दाब यांवर ठरतं. मागच्या चाकावर ४५ किलो भार आणि आत ८० पीएसआय हवा असेल, तर ठसा साधारण ८ चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे अर्ध्या आगपेटीएवढा. टायर बारीक असो की रुंद, दाब तोच असेल तर क्षेत्रफळ जवळपास तेवढंच. बदलतो तो आकार. बारीक टायरचा ठसा लांबट होतो, रुंदाचा आखूड आणि पसरट. लांबट ठशात टायरची कड जास्त वाकते आणि प्रत्येक फेरीला तेवढी जास्त ताकद खाते.

दुसरं कारण गोव्यात जास्त लागू पडतं. खडबडीत रस्त्यावर कडक टायर खड्याला गिळत नाही, तो सायकलसकट तुम्हाला वर उचलतो. ती उचल पायांतल्या ताकदीतूनच वजा होते. ११० भरलेल्या टायरवर सगळं थरथरतं आणि वेगात असल्यासारखं वाटतं. मलाही वाटायचं. घड्याळ काही वेगळंच सांगायचं.

बारीक टायरची बाजू अगदीच लंगडी नाही. गुळगुळीत डांबर, ताशी ३५-४० किलोमीटरच्या वरचा वेग आणि वाऱ्यासाठी घडवलेली खोल रिम असेल, तर रिमपेक्षा फुगलेला टायर हवेत थोडी ताकद घालवतो. २०१९पासून गोव्यात आयर्नमॅन ७०.३ ही पोहण्या-सायकल-धावण्याची शर्यत होते, तिच्यात ९० किलोमीटर सायकल हाणायची असते. तिथे पुढच्या फळीत असणाऱ्याने हा हिशेब जरूर करावा. उरलेल्यांनी सोडून द्यावा.

पहिली पायरी: फ्रेममध्ये जागा किती

बहुतेक जण आधी टायर आवडून घेतात आणि मग तो बसतो का ते बघतात. उलट करा. चाक लावलेलं असताना पाच ठिकाणं तपासा: पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या दोन पायांमध्ये, फोर्कच्या माथ्याखाली, ब्रेकच्या कॅलिपरखाली (रिमवर दाबणाऱ्या चिमट्याखाली), मागे सीटट्यूबच्या, म्हणजे सीटखालच्या नळीच्या, पाठीशी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेडलच्या आसामागे, जिथे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या चेनस्टेच्या दोन नळ्या जवळ येतात. टायर घासायची सुरुवात बहुधा इथेच होते.

मोजायला पट्टी नको, एलन की वापरा. ४ मिमीची की टायर आणि फ्रेम यांच्यामधून सगळीकडे मोकळी फिरली पाहिजे. चाक फिरवत फिरवत तपासा, कारण थोडं वाकडं चाक एका बाजूला झुकतं. जोर लावून उभ्याने पेडल मारताना फ्रेम आणि चाक दोन्ही किंचित लवतात, त्यासाठीही ही जागा हवी.

मग साधी बेरीज. सध्याचा टायर व्हर्नियरने मोजा. कडेवर काय लिहिलंय ते बाजूला ठेवा. समजा तो २६ भरला आणि चेनस्टेपाशी दोन्ही बाजूंना ६ मिमी जागा आहे. ४ सोडली तर प्रत्येक बाजूला २ उरते. म्हणजे प्रत्यक्षात ३० मिमी भरणारा टायर चालेल. वरच्या बाजूलाही हेच पाहा, कारण टायर रुंद होतो तसा उंचही होतो.

पण पावसाळ्यात सायकल चालवणार असाल, तर गोव्यात ४ मिमी पुरत नाही. आपली लाल माती जांभ्याची. ओली झाली की डिंकासारखी चिकटते, आणि तिच्यात बारीक कठीण खडे असतात. डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्यात, जिथे मातीचे ट्रक रस्त्यावर येतात, तिथे तर विचारूच नका. मी नव्या रुंद रिमवर मोठ्या हौसेने २८चा टायर चढवला. दुकानात तो छान फिरला. चेनस्टेपाशी दोन मिलिमीटर फट होती, तीही मी कौतुकाने दाखवली. जूनच्या पहिल्या जोरदार सरीनंतर साखळीहून घरी येईपर्यंत त्या फटीत चिखल भरला, खडे अडकले आणि चेनस्टेचा रंग आतल्या धातूपर्यंत खरवडला गेला. टायरची कडही चिरली. तेव्हापासून माझा नियम: उन्हाळ्याला ४, पावसाळ्याला ६. मडगार्ड लावणार असाल तर तिची जाडी आणखी वजा करा.

ढोबळ अंदाज हवा असेल तर असा: रिमवर दाबणारे ब्रेक असलेल्या जुन्या सायकलींना बहुधा २५, त्यानंतरच्या चांगल्या कॅलिपरना २८. डिस्क ब्रेकच्या गाड्यांना ३० ते ३२ सहज, आणि लांब पल्ल्याच्या आरामशीर फ्रेमना ३५च्या पुढेही. पण कंपनीने दिलेली कमाल मर्यादा शोधून काढा आणि ती ओलांडू नका. कार्बनचा फोर्क खरवडला तर तो रंग लावून दुरुस्त होत नाही.

दुसरी पायरी: रिमची आतली रुंदी

माझा २८ घासला, कारण तो २८ नव्हताच. रिमवर बसून तो ३० झाला होता.

टायरवरचा आकडा एका ठरावीक रुंदीच्या रिमसाठी असतो. रिम आतून एक मिलिमीटर रुंद झाली की टायर साधारण ०.४ ते ०.५ मिमीने पसरतो. जुन्या रोड रिम आतून १३ ते १५ मिमी असत, मग १७ आणि १९ आल्या, आता २१, २३, अगदी २५ही. जुन्या १५च्या रिमवर २८ लिहिलेला टायर २७ भरेल, तोच २३च्या रिमवर ३०च्या पुढे जाईल. मित्राच्या सायकलला २८ बसला म्हणजे तुमच्या सायकलला बसेलच असं नाही, ते यामुळे.

आतली रुंदी बहुधा रिमवरच छापलेली असते, ६२२×१९ अशी. नसेल तर टायर काढून दोन्ही कडांच्या मधलं अंतर मोजा. १५च्या रिमला २३ ते २८ शोभतो. १७ ते १९च्या रिमला २५ ते ३२, २१ ते २३च्या रिमला २८ आणि वर. २५च्या रिमवर ३०पेक्षा बारीक टायर नकोच. अरुंद रिमवर फार रुंद टायर बल्बसारखा फुगतो आणि वळणावर बाजूला कलतो. रुंद रिमवर बारीक टायर ताणला जातो आणि पहिला खड्डा थेट रिमला भेटतो.

एक धोक्याची सूचना. हल्ली काही कार्बन रिमना आतल्या कडेला टायर अडकवणारा हुकच नसतो. त्यांना हुकलेस म्हणतात. त्यांवर फक्त त्यासाठी चालणारे ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर लावायचे आणि हवा ५ बारच्या, म्हणजे सुमारे ७२ पीएसआयच्या वर कधीही न्यायची नाही. जुन्या सवयीने शंभर भरली तर टायर उडू शकतो. वजनदार माणसाने असं चाक घेतलं असेल, तर रुंद टायर ही त्याची हौस राहत नाही, गरज होते.

तिसरी पायरी: वजन, आणि रोजचा रस्ता

स्वतःचं, सायकलचं, पाण्याच्या बाटल्यांचं आणि पिशवीचं वजन एकत्र धरा. ते ७० किलोपर्यंत असेल तर २५-२८ सुखाने चालतं. ८०च्या आसपास २८ ही माझी किमान रेषा. ९०च्या वर गेलात तर ३०-३२च बघा. टायर रुंद झाला की आतली जागा रुंदीच्या वर्गाने वाढते: २५वरून २८ला गेलात तर सुमारे पाव पट जास्त हवा, ३२ला गेलात तर साठ टक्क्यांहून जास्त. तुमचं वजन ती हवा पेलते, रबर नाही.

मग रस्ता. रविवारी ज्या रस्त्याचा फोटो काढता तो नव्हे, ज्यावरून सर्वांत जास्त किलोमीटर होतात तो.

पत्रादेवीपासून पोळेपर्यंत जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६चे चौपदरी झालेले पट्टे चांगले आहेत. फक्त त्यांवर फिरणाऱ्याला २५ही पुरेल. पण त्यांवर सायकलीची मजा किती, हा प्रश्न वेगळा. रस्त्याच्या कडेला जिथे आपल्याला ढकललं जातं, तिथेच काचा, तारांचे तुकडे आणि खडी जमा होते.

माझा आवडता फेरा डिचोलीहून नार्वे, सप्तकोटेश्वराला हात जोडून फेरीबोटीने दिवाडी, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने जुने गोवे, आणि तिथून रायबंदरचा कॉजवे धरून पणजी. हा कॉजवे १६३३-३४ साली बांधलेला, आणि सकाळच्या वेळी त्यावरून जाण्यासारखं सुख नाही. या एका फेऱ्यात गुळगुळीत डांबर, गावातले ठिगळांचे रस्ते, गतिरोधक, शेवाळलेल्या कडा आणि फेरीच्या उताराची ओली लोखंडी पट्टी, सगळं येतं. इथे २८ किमान आणि ३० उत्तम. खाजनाच्या (खाऱ्या पाण्याकाठच्या शेतीच्या) बांधांवरून मातीच्या वाटेनेही जायची हौस असेल तर ३२, तोही फ्रेम परवानगी देत असेल तर. फेरीच्या लोखंडावर मात्र टायर कितीही रुंद असला तरी उतरून चालतच जा. ओल्या लोखंडावर रबराचं काही चालत नाही.

केरीहून अंजुणे धरणाच्या बाजूने चोर्ला घाट चढणारे विचारतात, चढाला जड टायर नको ना? २५ आणि ३२मध्ये एका चाकाला फरक पडतो पन्नास ते ऐंशी ग्रॅमचा. दोन्ही चाकांचा मिळून एक कप चहा. चढताना तो कळत नाही. उतरताना, धुक्यात, वळणावर खडी सांडलेली असताना, रुंद टायर मात्र नक्की कळतो.

पावसाळ्यासाठी खोल नक्षीचा टायर शोधत बसू नका. सायकलचा टायर इतका अरुंद आणि गोल असतो, की आपल्या वेगात तो पाण्यावर तरंगत नाही. ओल्या डांबरावर पकड रबराच्या मऊपणातून आणि किंचित कमी हवेतून येते.

हे सगळं करून दोन रुंदींमध्ये अडलात, तर फ्रेममध्ये मावेल ती मोठी घ्या. पण एक पथ्य: स्वस्त, जाड कापडाचा ३२ घेण्यापेक्षा मऊ, चांगल्या कापडाचा २८ बरा. जाड कड वाकायला ताकद खाते, मग रुंदीचा फायदा तिथेच संपतो. पंक्चर रोखणारा पट्टा असलेला मधल्या किमतीचा टायर आपल्या रस्त्यांना पुष्कळ झाला. आणि पुढे-मागे वेगळी रुंदी चालते. मागे जागा कमी असेल तर पुढे ३०, मागे २८ लावा. हातांना आराम पुढचाच टायर देतो.

चौथी पायरी: हवा

रुंद टायर घेऊन त्यात जुनीच हवा भरणं म्हणजे नवी चप्पल घेऊन अनवाणी चालणं. कडेवर छापलेला कमाल आकडा ही मर्यादा आहे, शिफारस नव्हे.

सगळं मिळून ८० किलो वजन धरून, ट्यूबवाल्या टायरसाठी, आपल्या रस्त्यांना मी असं भरतो: २५ला मागे ८५ आणि पुढे ८०, २८ला मागे ७२ आणि पुढे ६७, ३२ला मागे ५८ आणि पुढे ५३. तुमचं वजन दहा किलोने कमी-जास्त असेल तर सहा-सात पीएसआय कमी-जास्त करा. पावसात पाच कमी. ट्यूबलेसला आणखी चार-पाच कमी चालतात, कारण तिथे साप डसायला ट्यूबच नसते.

हा माझा आकडा, तुमचा थोडा वेगळा निघेल. तो शोधायला ओळखीच्या चार-पाच किलोमीटरच्या खडबडीत रस्त्यावर जा, दर फेरीला तीन पीएसआय कमी करा. एका टप्प्यावर हाताची थरथर थांबते. आणखी खाली गेलात, की गतिरोधकावर रिम ठेचल्यासारखी लागते किंवा उभ्याने पेडल मारताना मागचा टायर डुलतो. तिथून पाच वर चढा आणि तो आकडा वहीत लिहून ठेवा.

अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका. टायरच्या कापडावरचा ताण दाब गुणिले रुंदी असा वाढतो. ७० भरलेला ३२चा टायर ९० भरलेल्या २५च्या टायरइतकाच टणक लागतो. दाबमापक असलेला उभा पंप घ्या. पेट्रोल पंपावरची हवा भरायची झाली तर रोड बाइकच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला (हवा भरायच्या नळीला) पितळेचं ॲडॅप्टर लागतं. ते छोटं बोंडूक खिशात असू द्या, पण तिथल्या यंत्राचा झटका मोठा असतो, थोडी थोडी भरा.

तापमान दहा अंश चढलं की टायरमध्ये तीनेक पीएसआय वाढतात. एप्रिलमध्ये पहाटे हवा भरून दुपारी उन्हात परतत असाल तर ते धरून चला. सायकल बंद गाडीत उन्हात ठेवायची असेल तर हवा थोडी सोडा. ट्यूबलेसमधलं भोकं बुजवणारं द्रावण आपल्या उकाड्यात लवकर सुकतं. दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा.

बसवल्यावर

नवा टायर पहिल्या दिवशी जेवढा भरतो तेवढाच राहत नाही. हवा भरून एक रात्र ठेवा, तो अर्धा-एक मिलिमीटर ताणतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हर्नियर लावा आणि पाचही ठिकाणी एलन की फिरवा. रिमब्रेक असेल तर फुगलेला टायर ब्रेकच्या पट्ट्यांमधून निघतो का, ते घरीच पाहा. नाहीतर रस्त्यात पंक्चर काढून झाल्यावर पुन्हा हवा सोडून चाक बसवायची पाळी येते. ब्रेकची पट्टी टायरच्या कडेला टेकत नाही हेही बघा.

सायकलच्या मीटरला चाकाचा घेर सांगितलेला असेल तर तो बदला: २५ला २१०५ मिमी, २८ला २१३६, ३२ला २१५५. २५चा आकडा ठेवून ३२ चालवलात, तर शंभर किलोमीटरमागे दोनेक किलोमीटर तुमच्या खात्यात जमा होत नाहीत. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सफरीला) साडेतेरा तासांची मुदत असते, तिथे वळणं मीटरवर मोजणाऱ्याला हे महागात पडतं.

शेवटी ट्यूब. टायर ३२ केला आणि पिशवीत जुनी १८-२५ची ट्यूब राहिली, तर ती ताणून पातळ होते. अडचणीला चालते, रोजची नको. २८ ते ३२ लिहिलेली घ्या, रिम खोल असेल तर ६० मिमी व्हॉल्व्हची, आणि दोन घ्या. साखळी गाव सोडून केरीकडे निघालात, की वाटेतल्या दुकानात प्रेस्टाची ट्यूब मिळेल या भरवशावर राहू नका. तिथे पोदेराच्या सायकलची मिळते.